समुद्रसपाटीपासून

जालन्याला डोळ्याची पट्टी निघाली
तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला.
बाबांनी शेवटची ओळसुद्धा वाचली
आणि म्हणाले, "ह्यातल्या 'ळ'चं पोट बिघडलंय."

दवाखान्याच्या पायरीवरच ठरलं मग,
परभणीपर्यंत आणि त्याच्याही पुढं
लागतील तेवढी टेशनं बघत जायची.
रेल्वेनं नाही, माझ्या आल्टोतून,
कारण गाडीतून पाटी दिसते ती पळताना,
"आन् पळत्या अक्षराचं काय खरं नसतं."

छत्तीस वर्षं ह्या लायनीवर त्यांनी नावं लिहिली,
पिवळ्यावर काळी,
रहेमतखान शिडी धरायचा, रंग कालवायचा.
सटवाजी पेंटर हे नाव मात्र
कंत्राटदाराच्या वहीशिवाय कुठंच नाही.

परतूरला खिडकीतल्या पोरानं विचारलं, कुठली गाडी?
गाडी नाही, म्हटलं, पाटी बघायचीय.
त्यानं दोन प्लॅटफॉर्म तिकिटं दिली,
आणि असं पाहिलं आमच्याकडं
जसं लग्न नसलेल्या घरी
आहेर घेऊन आलेल्यांकडं पाहतात.

पाटी नवी होती. चिकटवलेली, चकचकीत.
बाबांनी नखानं कोपरा खरवडला,
हिरव्या चष्म्यातून वर बघितलं.
"चांगली हाय," म्हणाले. "दोन उन्हाळे."

रूळ कधी डावीकडं, कधी तुरीमागं गडप,
कापसाच्या ट्रॉलीमागं आम्ही अर्धा तास.
सेलूला भजी. मिरच्या त्यांना बंद, तरी दोन.
मानवत रोडला उतरलेच नाहीत:
"नावापुढं रोड लावलेलं टेशन म्हंजे
दारातनंच 'येतो' म्हणणारा पाव्हणा."

मी विचारलं, बाबा, तुम्ही समुद्र पाहिलाय?
"नाही. पण तो कुठवर हाय ते ठावं हाय मला.
मीच लिवलंय की टेशना-टेशनाला,
आपण त्याच्यावर किती."

परभणीच्या पुढच्या एका टेशनाचं नाव
मी इथं लिहीत नाही.
तिथं गुन्हा घडलेला आहे.

फलाटाच्या टोकाला, बाभळीआड,
सिमेंटची जुनी पाटी उभी होती अजून,
कुणी पाडायला विसरलं म्हणून.
पोपडे, कावळ्यांची शिट,
आणि खाली ती बारकी ओळ, उंचीची.
बाबांनी चष्मा काढला. काढायचा नव्हता.
बोट ठेवलं शेवटच्या आकड्यावर,
चोरानं स्वतःच लपवलेला ऐवज चाचपावा तसं.

"हा चार नाही," म्हणाले. "एक होता. म्या केला चार."

का?

बराच वेळ ते बाभळीकडं बघत राहिले.
एक मालगाडी आली, न थांबता गेली,
डबे मोजून झाले माझे, अठ्ठावन्न.
"तुझी माय इथली. वढ्याकडच्या वस्तीची.
खालच्या आंगाची, खालच्या आंगाची म्हणायचं समदं गाव तिला.
विहिरीवर बी. लग्नात बी.
म्हणलं, ब्रश तर आपल्याच हातात हाय.
रहेमत हसून हसून शिडीवरनं पडायचा ऱ्हायला,
'क्या रे सटवा, पूरे गाँव कू उचल दिया!'"

तीन मीटर.
इन्स्पेक्टरनं सही केली, इंजिनं आली-गेली,
वढ्याला पूर आला तेव्हा आला तेवढाच आला,
कुणी तक्रार केली नाही.

आईला सांगितलं होतं?
"दाखवलं होतं. तिला वाचता कुठं येत हुतं.
म्हणली, रंग ओला हाय, हात लावू नका."

मी मोबाईल काढून उंची बघितली,
तर तो तिसराच आकडा दाखवायला लागला.
बाबांनी स्क्रीन डोळ्याजवळ नेली.
"हे कोण लिवलं?"

चार वाजले होते, थेंबांची वेळ.
दगडी बाकावर मान मागं टाकून बसले ते,
मी पापणी धरली, मोजून दोन सोडले.
"घशात उतरलं गं," म्हणाले, "खारट हाय."
मग रुमाल, चष्मा, चपला.
"चल, गंगाखेड ऱ्हायलंय अजून.
तिथला 'ख' मला काय नीट जमला नव्हता."